मोडशी, कुडा आणि आतड्याचे व्रण : वसईच्या किनाऱ्यावरील एका चिकित्सेचा इतिहास

आतड्याच्या आतील अस्तराला दीर्घकाळ सूज राहून त्यावर व्रण पडतात, शौचावाटे रक्त आणि शेंब जाते, काही महिने आराम वाटून आजार पुन्हा उलटतो, अशा विकारांना आधुनिक वैद्यक आतड्याचे दाहविकार म्हणते आणि त्यांचे दोन मुख्य प्रकार मानते. पहिला अल्सरेटिव्ह कोलायटिस; त्यात सूज गुदाशयापासून सुरू होऊन मोठ्या आतड्यात सलग वर चढते आणि बहुतांशी अस्तरापुरती राहते. दुसरा क्रोन्सचा आजार. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गात कोठेही, मध्ये निरोगी भाग सोडून सोडून उद्भवतो आणि आतड्याच्या भिंतीची सारी जाडी पोखरत असल्यामुळे आतडे अरुंद होणे, त्याला भोक पडणे किंवा भगंदर होणे हे त्याचे नेहमीचे परिणाम ठरतात. दोन्ही आजार जंतुसंसर्गाने होत नाहीत, आणि त्यांच्या इतिहासातील सारी गुंतागुंत याच एका गोष्टीतून आलेली आहे; कारण ज्या प्रदेशात जंतूंमुळे होणारी रक्ती आव दर पावसाळ्यात घरोघर दिसे, तेथे जंतूंशिवाय होणारी रक्ती आव वेगळी ओळखू येणे जवळजवळ अशक्य होते.

वसईच्या पट्ट्यात रानगाव आणि कळंब यांच्या मधल्या किनाऱ्यावरचे, बुद्रुक आणि खुर्द अशा दोन भागांत वसलेले भुईगाव अशाच प्रदेशात मोडते. सुरूच्या बनामागे वाड्या, वाड्यांमध्ये विहिरी आणि बावखले, म्हणजे गोड्या पाण्याची लहान तळी, आणि त्या पाण्यावर पोसलेली केळी, भाजीपाला, फुले व पानवेली, अशी या गावाची आणि सभोवतालच्या पट्ट्याची जुनी घडण आहे. जमीन सखल असल्यामुळे पाणी हाताशी असे, रहाटाने ते उपसता येई, आणि त्याच कारणाने भर पावसात वरचे गढूळ पाणी विहिरीत उतरायलाही वेळ लागत नसे. पोट बिघडण्याच्या प्रत्येक तऱ्हेला लोकांजवळ शब्द होता : साधी ती हगवण, शेंब पडली तर आव, रक्त दिसले तर रक्ती आव, महिनोन्‌महिने चालली तर संग्रहणी, आणि उलट्या-जुलाबांनी माणूस एका दिवसात मोडून पडला तर मोडशी. ही नावे लक्षणांची होती. त्यांच्या मागे कोणता आजार आहे हे त्यांतून कळत नसे. पुढच्या चारशे वर्षांची चिकित्सा या नावांच्या आधारानेच चालली.

त्यांतील मोडशी हा शब्द याच किनाऱ्यावरून युरोपभर गेला. 1534 च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली, आणि त्याच वर्षी मार्तिम आफोन्सो द सौसा याच्या आरमाराबरोबर गार्सिया द ओर्ता हा वैद्य गोव्यात उतरला. त्याने पश्चिम किनारा पाहिला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात वैद्यकी केली आणि पुढे मुंबईचे बेटही त्याच्याकडे खंडाने होते. औषधी द्रव्यांवरील त्याचा संवादरूप ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात पटकीचे वर्णन करताना येथील लोक तिला काय म्हणतात ते त्याने नोंदवले, आणि मराठी-कोंकणी मोडशीचे पोर्तुगीज जिभेवर मोर्देशी झालेले रूपही दिले. फ्रेंचांनी त्याच उच्चाराचे पुढे कुत्र्याचे मरण असा अर्थ देणारे शब्द बनवले. ओर्ताचे मोठेपण असे की, देशी वैद्य काय देतात हे त्याने कमीपणा न मानता विचारले आणि लिहून ठेवले. गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून, मृत्यूनंतर बारा वर्षांनी, 1580 मध्ये इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. त्याने टिपलेले ज्ञान मात्र तोवर लॅटिन अनुवादातून युरोपातील वैद्यांच्या हाती पोचलेले होते.

देशी वैद्यांजवळ जे शास्त्र होते ते बरेच जुने आणि विचारपूर्वक बांधलेले होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणी आणि अतिसार यांना स्वतंत्र अध्याय आहेत. ग्रहणी म्हणजे अन्न पचेपर्यंत धरून ठेवणारा आतड्याचा भाग. तो बिघडला की अन्न कधी न पचता, कधी पचून, कधी पातळ तर कधी बांधून बाहेर पडते, असा विचार त्यामागे आहे, आणि मराठीतील संग्रहणी हा शब्द त्याच कुळातला आहे. अतिसाराच्या अध्यायात रक्त पडणाऱ्या रोग्यासाठी पिच्छाबस्ती सांगितली आहे : सावरीसारख्या झाडाचा बुळबुळीत अंश दुधात शिजवून, त्यात तूप व इतर द्रव्ये घालून, ते गुदमार्गाने आत सोडायचे, म्हणजे सोललेल्या अस्तरावर त्याचा लेप बसतो. गुदाशयातील सुजेवर आज औषधाचा द्रव किंवा फेस खालच्या मार्गानेच दिला जातो. दोन्हींतील द्रव्यांचा काही संबंध नाही आणि तो जोडण्याचा अट्टाहासही करू नये. पण दुखणे शेवटच्या हातभर आतड्यात असेल तर औषध तेथवर थेट पोचवावे, हे शहाणपण मात्र दोन्हींकडे सारखे आहे.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत सुश्रुतसंहितेतील एक उतारा तपशीलवार पाहण्याजोगा आहे. आतडे अडल्याने किंवा फुटल्याने पोट फुगलेल्या रोग्याचे पोट बेंबीखाली, मधल्या केसांच्या रेषेपासून डावीकडे चार अंगुळे सोडून चिरावे, चार अंगुळे आतडे बाहेर काढून तपासावे, अडथळा दूर करावा. भोक असेल तर त्याच्या कडा जुळवून काळ्या मुंग्यांकडून चावून घ्याव्यात, मुंग्यांनी कडा पकडल्या की त्यांची धडे तोडून डोकी तेथेच राहू द्यावीत, मग आतडे आत सारून पोट बाहेरून शिवावे, असा तो विधी आहे. मुंगीचा जबडा येथे टाक्याचे काम करतो आणि आतड्यात राहिला तरी अपाय करत नाही. मात्र हे ज्ञान ग्रंथात राहिले. पेशवाईच्या काळापर्यंत पोट उघडण्याचे धाडस करणारी परंपरा वैद्यांमध्ये उरलेली नव्हती, आणि आतडे अडलेला माणूस घरीच दगावे.

रक्ती आवेवर वैद्याचा आणि आजीबाईचाही खरा भरवसा कुड्यावर होता. तुंगारेश्वराच्या डोंगरात आणि सह्याद्रीच्या उतारांवर उन्हाळ्याच्या अखेरीस पांढऱ्या सुवासिक फुलांनी भरणारे हे लहान झाड. कोकणात त्याच्या फुलांची व कोवळ्या शेंगांची भाजी होते, आणि सालीचा काढा ताकाबरोबर दिला जातो. संस्कृतात तो कुटज. ओर्तानेही जुलाबांवरच्या एका मलबारी वनस्पतीला स्वतंत्र संवाद दिला आहे आणि पुढच्या अभ्यासकांनी ती कुडाच असल्याचे ठरवले. अठराव्या शतकात ही साल कोनेसी किंवा तेल्लिचेरी साल या नावाने युरोपच्या औषधालयांत पोचली, काही काळ गाजली आणि मग बदनाम झाली. त्या बदनामीचे कारण मराठी माणसाला चटकन समजेल. कुडा या एकाच नावाखाली येथे दोन झाडे येतात, पांढरा कुडा आणि काळा कुडा. पांढऱ्याची साल कडूजहर आणि गुणकारी. काळ्याची त्या कामाला निरुपयोगी. बी चघळले तर फरक कळतो, म्हणून काष्ठौषधीच्या दुकानात एकाला कडू इंद्रजव आणि दुसऱ्याला गोड इंद्रजव म्हणतात. झाडावर पाहिले तर काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. पण वाळलेल्या सालीचे गठ्ठे बांधून जहाजात चढले की ही ओळख पुसली जाई, दोन्हींची भेसळ होई, आणि लंडन किंवा एडिंबरोच्या वैद्याला एका रोग्यात गुण दिसे व दुसऱ्यात दिसत नसे. रसायनशास्त्रज्ञ हेन्स याने या सालीतील कोनेसीन हे कडू अल्कलॉइड वेगळे केले आणि 1858 मध्ये मुंबईच्या वैद्यकीय संस्थेच्या वृत्तांतात त्याची माहिती दिली, तेव्हा गुण कशात आहे हे कळण्याची वाट मोकळी झाली. विसाव्या शतकात हे द्रव्य अमिबाविरुद्ध काम करते हे दिसून आले आणि कलकत्त्यात रामनाथ चोप्रा यांनी कुड्याच्या अल्कलॉइडांचे औषध रोग्यांवर तपासले.

म्हणजे झाडाच्या नावाखाली जसा घोळ होता तसाच तो रोगाच्या नावाखालीही होता, आणि दोन्ही घोळ एकमेकांना झाकत होते. साल खरी आणि आव अमिबाची असेल तर रोगी बरा होई. साल खरी पण आतड्याचे व्रण जंतूंशिवायचे असतील तर तो बरा होत नसे. आणि हा आजार स्वतःहून काही महिने शांत बसत असल्यामुळे कधी कधी काहीही न करता गुण आल्यासारखे वाटे, त्याचे श्रेय त्या वेळी जे दिले असेल त्याला जाई. ज्यांना गुण आला नाही त्यांच्या पथ्यात, पाण्यात किंवा नशिबात दोष शोधला जाई. दीर्घ संग्रहणीने वाळून गेलेल्या कित्येक माणसांवर, विशेषतः माहेरी परत पाठवल्या गेलेल्या तरुण स्त्रियांवर, पथ्य न पाळल्याचा ठपका आला असणार. ज्या आजाराला नाव नव्हते त्याची शिक्षा रोग्याने भोगली.

मुंबईत 1845 साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि त्याच्या जोडीच्या जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात मृत्यूनंतर शरीर उघडून पाहण्याची पद्धत रुजली. महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड यांनी तेथील आणि युरोपियन जनरल हॉस्पिटलमधील निरीक्षणांवरून हिंदुस्थानातील रोगांवर दोन खंडांचा ग्रंथ 1856 मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यात आवेला व तिने मोठ्या आतड्यात पडणाऱ्या व्रणांना मोठी जागा दिली. तीनच वर्षांनी, 1859 मध्ये, लंडनच्या सॅम्युअल विल्क्स यांनी विषप्रयोगाचा संशय असलेल्या एका मृत स्त्रीचे आतडे तपासून ते आवेपेक्षा वेगळ्या, व्रण पाडणाऱ्या सुजेचे असल्याचे लिहिले. कोलायटिसच्या इतिहासाचा आरंभ येथून धरतात. त्या वर्णनात लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचीही सूज असल्यामुळे तो मुळात क्रोन्सचा आजार असावा, असे पुढील अनेक अभ्यासकांचे मत झाले. नाव ठेवण्याच्या पहिल्याच क्षणी नाव चुकले असावे, ही गोष्ट या इतिहासाच्या स्वभावाला धरूनच आहे. लंडनमध्ये आव विरळ होत चालल्याने विल्क्स यांना वेगळेपण दिसू शकले. मुंबईत मोरहेड यांच्यापुढे आवेचे रोगी इतके होते की त्यांतला वेगळा एखादा उठून दिसणे कठीण होते. नजर दोघांचीही तीक्ष्ण होती, फरक होता तो गर्दीचा.

1864 मध्ये मुंबई, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग वसईवरून मुंबईपर्यंत जोडला गेला आणि 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत उपनगरी गाडी सुटली. वाड्यांतली केळी आणि भाजी ज्या मार्गाने शहरात जाऊ लागली त्याच मार्गाने रोगीही जाऊ लागले, आणि भुईगावसारख्या गावातील बरा न होणारा जुलाब पहिल्यांदाच सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्यात आला.

त्यानंतरची पन्नास वर्षे वजाबाकीची आहेत. 1875 मध्ये सेंट पीटर्सबर्गला लॉश यांना आवेच्या रोग्याच्या शौचात अमिबा दिसला. 1897 मध्ये जपानात शिगा यांनी आवेचा दुसरा प्रकार घडवणारा जंतू शोधला. 1912 मध्ये कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी इपिकाक या ब्राझिली मुळीतील एमेटीनची टोचणी देऊन अमिबाची आव बरी करून दाखवली. दोन्ही कारणे काढून टाकल्यावर जी रक्ती आव उरली ती कोलायटिस. 1932 मध्ये न्यूयॉर्कचे क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची, क्षयाशी संबंध नसलेली सूज वेगळी वर्णन केली. अमेरिकेत ही वजाबाकी सोपी होती, कारण आतड्याचा क्षय तेथे कमी झाला होता. भारतात तो आजही आहे, आणि तो नेमका तेथेच बसतो जेथे क्रोन्स बसतो, म्हणजे लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते त्या सांध्यावर. तोही आतडे अरुंद करतो, ताप आणतो, वजन घटवतो. दिल्लीच्या टंडन आणि प्रकाश यांनी 1972 मध्ये कापलेल्या आतड्यांचे सूक्ष्म परीक्षण करून दोहोंतील फरक मांडला, तरी दुर्बिणीतून चिमटलेल्या इवल्याशा तुकड्यावरून निर्णय देणे अवघडच राहिले. म्हणून येथे अनेकदा आधी क्षयाची औषधे सुरू करून दोन-तीन महिन्यांनी दुर्बिणीने व्रण भरले की नाही ते पाहतात. न भरल्यास क्रोन्सचे निदान होते. ही पद्धत सक्तीची आहे, आळसाची नाही, कारण क्षय असताना क्रोन्सची औषधे दिली तर रोगी जिवाला मुकू शकतो.

नाव मिळाल्यानंतरही उपचार लगेच हाती आले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी आंत्रपुच्छाचे टोक पोटावर उघडून त्यातून मोठे आतडे रोज धुण्याची शस्त्रक्रिया केली जाई. मग लहान आतडेच पोटावर काढून मल वळवू लागले, पण त्यातून येणाऱ्या पाचक रसाने भोवतालची कातडी भाजून निघे. बर्मिंगहॅमचे ब्रायन ब्रुक यांनी 1952 मध्ये आतड्याचे बाहेर काढलेले टोक सदऱ्याची बाही उलटून दुमडावी तसे उलटून कातडीला टाचले, त्यामुळे मल थेट पिशवीत पडू लागला. एवढ्या साध्या दुमडीने मोठे आतडे काढून टाकलेला माणूस कामावर जाऊ शकला. गावाकडे आजही या शस्त्रक्रियेला लोक पोटाला पिशवी लावली एवढेच म्हणतात आणि ऐकणारा गप्प होतो. तो संकोच उतरवण्याचे काम पिशवी बाळगणाऱ्यांच्याच मुंबईतील संघटनेने केले आहे. 1978 मध्ये लंडनचे पार्क्स आणि निकल्स यांनी लहान आतड्याचीच घडी शिवून आत नवा गुदाशय बनवला आणि कायमच्या पिशवीची गरज अनेकांच्या बाबतीत संपली.

औषधांत पहिले यश स्वीडनच्या नान्ना स्वार्ट्स यांचे. सांधेदुखीसाठी त्यांनी सॅलिसिलिक द्रव्य आणि सल्फा यांचा जोड करवून घेतला होता. 1940 च्या आसपास त्याने कोलायटिसच्या रोग्यांना गुण येतो असे आढळले. मग ऑक्सफर्डमध्ये ट्रुलव्ह आणि विट्स यांनी 210 रोग्यांवर कॉर्टिसोन तपासून 1955 मध्ये निष्कर्ष दिला : ते मिळालेल्यांपैकी सुमारे 41 टक्के सहा आठवड्यांत शांत झाले, न मिळालेल्यांपैकी सुमारे 16 टक्के. स्वार्ट्स यांच्या जोडऔषधातील नेमका कोणता भाग काम करतो हा प्रश्न ट्रुलव्ह यांच्याच प्रयोगशाळेत 1977 मध्ये सुटला, आणि तो सोडवणाऱ्यांत अग्रभागी होते पुढे ढाक्यात नावारूपाला आलेले आझाद खान. त्यांनी दोन्ही भाग वेगवेगळे करून रोग्यांना खालच्या मार्गाने दिले, आणि सल्फाचा अंश केवळ वाहक असून खरा गुण सॅलिसिलिक भागाचा आहे असे सिद्ध केले. आज मेसालामीन नावाने मिळणारी गोळी व द्रव याच प्रयोगाचे फळ आहे. पांढऱ्या आणि काळ्या कुड्याची निवड करणाऱ्या कोणालाही या प्रयोगाची रीत परकी वाटणार नाही.

याच 1977 साली भारतातून जगाला एक शस्त्रक्रिया मिळाली, आणि तिचा उल्लेख मराठी वाचनात फारसा येत नाही. क्षयाने आतडे अनेक ठिकाणी आवळले की प्रत्येक आवळलेला भाग कापून टाकण्याची रीत होती. त्याने आतडे इतके आखूड होई की अन्न अंगी लागत नसे. कटारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवळलेला भाग न कापता त्याला लांबीच्या दिशेने चीर देऊन ती आडवी शिवली. अरुंद बाहीला उभी चीर देऊन ती आडव्या टाक्याने शिवली तर बाही थोडी आखूड होते पण घेर वाढतो, हे शिवणकाम जाणणाऱ्या कोणालाही कळेल. ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत हे काम छापून आल्यावर ऑक्सफर्डच्या इमॅन्युएल ली यांनी तेच क्रोन्सच्या रोग्यांत केले आणि 1982 मध्ये प्रसिद्ध केले. ज्या क्षयाने येथे क्रोन्सची ओळख इतकी वर्षे झाकून ठेवली, त्याच क्षयाच्या चिकित्सेतून क्रोन्सच्या रोग्यांची आतडी वाचवण्याची युक्ती निघाली.

आतड्याचे दाहविकार गोऱ्या लोकांचे, हा समज 2003 मध्ये लुधियानाच्या अजित सूद आणि सहकाऱ्यांच्या घरोघर पाहणीने मोडला; पंजाबात त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिसचे प्रमाण लाखात 44.3 आढळले. वसईच्या पट्ट्यातही पाणी नळाचे झाले, 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका आली, तिच्यातून गावे वगळावीत म्हणून मोठे आंदोलन झाले, 2014 मध्ये पालघर जिल्हा झाला. जुनी आव मागे हटते तेथे हे दाहविकार पुढे येतात, असा जगभरचा अनुभव आहे, आणि त्याची कारणे अजून शोधली जात आहेत.

1998 पासून इन्फ्लिक्सिमॅबसारखी, सूज पेटवणारे एक प्रथिन नेमके अडवणारी, टोचून द्यायची औषधे आली. 2014 मध्ये अहमदाबादच्या झायडस कंपनीने त्याच वर्गातील अडॅलिमुमॅबची स्वस्त भारतीय आवृत्ती काढली. ही औषधे देण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी करावीच लागते, कारण शरीरात निद्रिस्त असलेला क्षय त्यांच्यामुळे जागा होतो. भुईगावहून बसने वसई रोड आणि तेथून लोकलने मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जाणाऱ्या अशा रोग्याची प्लॅस्टिकच्या पिशवीतली फाइल उघडली, तर तीत सर्वांत खाली शौचाच्या तपासणीचा, अमिबा न सापडल्याचा कागद असतो, त्यावर जंतूंच्या तपासणीचा, त्यावर क्षयाच्या तपासण्यांचा, काहींच्या बाबतीत घेऊन झालेल्या क्षयाच्या गोळ्यांचा, मग दुर्बिणीच्या तपासणीचा रंगीत फोटो आणि तुकड्याचा अहवाल. आणि अगदी वर, अलीकडच्या तारखेचा, ज्यावर आजाराचे नाव लिहिलेले आहे असा पहिला कागद.